माझ्या नावाची टॅली

हे माझ्या पत्नीला माहीत नाही. मुलाला माहीत नाही. आणि ज्याला सर्वांत आधी कळायला हवं होतं, त्याला तर मुळीच माहीत नाही. सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट इतक्या काळजीने जपली, की मधूनमधून वाटायचं, ती घडलीच नसावी — पण न घडलेल्या गोष्टीला माणूस इतका भितो का? आज दुपारी घरात कोणी नाही. मी लिहितो आहे, आणि जिन्यात पावलं वाजली की वहीवर वर्तमानपत्र ओढतो आहे. पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ शाळकरी मुलासारखी वही लपवतो, याचं कोणाला हसू येईल. मला येत नाही.

लिहिण्याची मला सवय नाही. नौदलातल्या पंधरा वर्षांत जे लिहिलं ते नोंदवहीत — अमुक पंप तपासला, तमुक दाराला तेल दिलं. निवृत्तीनंतर बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मराठी घेऊन एम. ए. केलं, पुष्कळ वाचलं. पण स्वतःविषयी एक ओळ लिहिण्याचं धैर्य झालं नाही. बोलण्याचंही नाही. कोणत्याही सभेत मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसतो. लोक त्याला विनय समजतात. विनय — की दडून बसण्याची जुनी सवय?

सावकाश सांगतो. घाई केली तर सोयीचं तेवढंच सांगून मोकळा होईन, ही भीती आहे.

मी डोंबिवलीचा. बारावीनंतर नौदलात खलाशांची भरती निघाली, मी निवडला गेलो, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात दाखल झालो. आमच्या भागातले त्या तुकडीत आम्ही दोघंच होतो — मी आणि विलास. विलास कल्याणजवळच्या मोहन्याचा. त्याचे वडील तिथल्या जुन्या रेयॉन कारखान्यात होते. उल्हास नदीत पोहून घडलेलं त्याचं अंग होतं, आणि स्वभाव असा, की एखाद्या गोष्टीला भ्यायचं असतं हे त्याला मुद्दाम सांगावं लागे. मी लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत असायचो आणि मैदानावर शेवटच्या पाचांत. माझं नाव श्रीकांत. तो मला ‘शिऱ्या’ म्हणायचा. घरी मला अशी हाक कोणी मारली नव्हती. पण घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर ती हाक ऐकली, की रडू आवरायचं.

नौसैनिकाच्या हातात बंदूक नंतर येते. आधी त्याला आग आणि पाणी शिकवतात. कारण साधं आहे. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो. जहाजाला आग लागली तर पळायला रस्ता नसतो. म्हणून फुटलेल्या पत्र्यात लाकडी पाचर कशी ठोकायची, भरल्या पाइपाचा झटका कसा सोसायचा, जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात कशी उडी घ्यायची — हे सगळं अंगात मुरेपर्यंत करून घेतात. आणि पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा चढवून धुरात कसं शिरायचं, तेही.

त्या शेवटच्या धड्यात एक पितळी बिल्ला असतो. त्याला टॅली म्हणतात. प्रत्येकाच्या टॅलीवर त्याचं नाव. धुरात शिरण्याआधी ती दाराशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायची. तो ती बोर्डवरच्या आकड्याला अडकवतो आणि शेजारी खडूने वेळ लिहितो. बाहेर आलेल्याने आपली टॅली स्वतः काढून घ्यायची. बोर्डवर टॅली आहे म्हणजे माणूस आत आहे. टॅली नाही म्हणजे आत कोणी नाही. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, आरडाओरड ऐकू येईलच असं नसतं. विश्वास ठेवायचा तो बोर्डवर. आमचे शिक्षक — पेटी ऑफिसर, आम्ही त्यांना पीओ साहेब म्हणत असू — हे वाक्य आमच्याकडून रोज म्हणून घ्यायचे, पाढ्यासारखं. बोर्ड झूठ नहीं बोलता. बोर्ड झूठ नहीं बोलता.

नाहीच बोलत. बोर्डला खोटं बोलायला लावावं लागतं.

मैदानाच्या टोकाला जहाजाच्या पोटासारखी एक पोलादी खोली बांधली होती. आम्ही तिला डब्बा म्हणायचो. पुढच्या दाराने आत शिरायचं, दोरी धरून तीन खण पार करायचे, मध्ये एक उभी शिडी उतरायची, दुसरी चढायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. मग वळसा घालून पुढे यायचं आणि बोर्डवरून आपली टॅली उतरवायची. आत ओलं गोणपाट आणि तेल जाळून खरा धूर केलेला असे, आणि बाहेर आग विझवायच्या पाण्याचा पंप सतत धडधडत असे. एकेकाने, एकट्याने जायचं.

मला ते जमलं नाही. पहिल्या खेपेला मी दुसऱ्या खणापर्यंत गेलो. मुखवट्याच्या आतला माझाच श्वास मला दुसऱ्या कोणाचा वाटू लागला — माझ्या तोंडाशी तोंड लावून कोणीतरी धापा टाकतं आहे, असा. मी दोरी सोडली आणि आलो त्याच दाराने किंचाळत बाहेर आलो. ही भीती कुठून आली, लहानपणी काय घडलं होतं, हे मला सांगता येईल. सांगत नाही. सांगितलं तर ती सबब होईल.

पीओ साहेब रागावले नाहीत. आठवड्याने पुन्हा एक संधी मिळेल, म्हणाले. तीही हुकली तर घरी. पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घरी जाऊन वडिलांसमोर उभं राहण्याचं चित्र मला डब्यापेक्षाही भयंकर वाटायचं.

विलासने आपण होऊन माझ्या जागी जायचं कबूल केलं — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी त्याला विचारलं. कपडे धुण्याच्या दगडांपाशी, इकडे तिकडे बघत, मी त्याला विचारलं.

“येडा झालास काय रे?” तो म्हणाला. “पकडले तर दोघं घरी.”

मी काही बोललो नाही. मला न बोलता मागता येतं. भित्र्या माणसाला ते लवकर येतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातला शर्ट पिळला, झटकला.

“बरं. पण आठवडाभर माझे बूट तू घासायचे. आणि आईला पत्र पण तूच लिहायचं. माझं अक्षर बघून म्हातारी रडते.”

त्या दिवशी विलास त्याच्या क्रमाने सकाळीच आत जाऊन आला. सात मिनिटांत. स्वतःची टॅली उतरवली, मजेत शीळ घालत निघून गेला. माझा क्रमांक सर्वांत शेवटी होता. अंगभर एकसारखे झगे, डोक्यावर टोप, तोंडावर मुखवटा — आमची उंचीही सारखी. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा सामानाच्या खोलीमागून जो पुढे आला तो विलास होता. त्याने माझ्या नावाची टॅली पीओ साहेबांच्या हाती दिली आणि आत शिरला. मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो. तो बाहेर पडला की सामानाच्या खोलीमागे झगा बदलायचा, आणि मी वळसा घालून, घाम पुसत, माझी टॅली उतरवायला जायचं — असं ठरलं होतं.

सात मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा.

मी टाकीमागून बाहेर आलो. का आलो? विलासच्या काळजीने, असं लिहायला हात शिवशिवतो आहे. थोडी काळजी होतीही. पण जास्त भीती ही होती, की काहीतरी बिनसलं आहे आणि आता ते माझ्यावर येणार. मागच्या दाराशी कोणी दिसतं का ते बघायला मी दोन पावलं पुढे टाकली — आणि समोर पीओ साहेब. बोर्डवर एकच टॅली उरली होती. खडूने लिहिलेली वेळ उलटून गेली होती. त्यांच्या ओठांत शिट्टी होती. ती वाजली असती तर बाहेर तयार असलेले दोन जवान त्याच क्षणी आत शिरले असते. तो नियम होता, आणि ते नियमाप्रमाणेच वागत होते. त्यांनी मला पाहिलं. शिट्टी ओठांतून काढली.

“अबे, तू बाहर है? फिर ये तेरी टॅली इधर क्या कर रही है?”

आता इथे मी थांबतो आहे. पाणी पिऊन आलो. खिडकीतून खाली पाहिलं; फाटकातून कोणी येत नव्हतं. पुन्हा बसलो.

मी म्हणालो, “लेना भूल गया, सर.”

चार शब्द. त्याऐवजी ‘आत विलास आहे’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढाच वेळ लागला असता.

“भूल गया! कल जहाज पे भी भूलेगा?” त्यांनी ती आकड्यावरून उपटली आणि माझ्या अंगावर भिरकावली. ती मातीत पडली. मी वाकून उचलली. बोर्ड रिकामा झाला. “बोर्ड क्लिअर!” — ते ओरडले. मग दुपारच्या तुकडीसाठी धूर तसाच राहावा म्हणून डब्याची दारं लावली गेली, खिट्ट्या आवळल्या गेल्या, आणि सगळे जेवणाच्या घराकडे निघाले.

मीही निघालो. मुठीत टॅली घेऊन, रांगेत, इतरांच्या पायांशी पाय जुळवत. डोक्यात काय होतं? तो बाहेर पडला असेल. मागच्या मागे निघून गेला असेल. बराकीत असेल. आता येईलच. ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, आणि त्यांतल्या एकावरही माझा विश्वास नव्हता.

जेवणाआधी गिनती होते. प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. रांगेत माझ्या शेजारची जागा विलासची होती. माझ्यानंतरचा आकडा त्याचा. पलीकडच्या टोकाने आकडे सुरू झाले आणि एकेक करत माझ्याकडे सरकू लागले. माझा आकडा मी ओरडणार, आणि मग शांतता होणार, आणि त्या शांततेत सगळे माझ्याकडे बघणार — हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या अलीकडे तीन माणसं राहिली तेव्हा मी रांग मोडून धावलो. “सर, विलास नहीं है! विलास डब्बे में है!”

हे नीट ध्यानात घ्या. मी गिनतीने पकडला जाणार होतो. तीन माणसं आधी ओरडलो, एवढंच.

दोन जवानांनी त्याला बाहेर काढलं. मी आत गेलो नाही. दार धरून उभा राहिलो. शिडीवरून पाय निसटून तो खाली आदळला होता, गुडघा मोडला होता, मुखवटा सरकला होता. त्याचा चेहरा राखेने माखला होता आणि त्यात तोंड उघडं होतं — मासा बाहेर काढल्यावर असतं तसं. ते तोंड मला अजून दिसतं. कशातही दिसतं.

रुग्णालयात त्याला शुद्ध आली तेव्हा पहिला भेटायला गेलेला मीच. सगळ्यांना वाटलं, किती जीव आहे मित्रावर. मी खाली वाकलो आणि त्याच्या कानात म्हणालो, “टॅलीचं बोललास तर दोघंही जाऊ.” तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने डोळे मिटून मान हलवली. आणि जबाब घ्यायला अधिकारी आले तेव्हा त्याने सांगितलं, की सराव म्हणून तो स्वतःच्या मर्जीने, टॅली न देता, पुन्हा आत गेला होता. पीओ साहेबांनी सांगितलं तेही याच्याशी जुळलं — एक टॅली राहिली होती, तिचा मालक बाहेर उभा होता, विसरलो म्हणाला. सगळं नीट बसलं. खोटं इतकं नीट बसतं, हे मला तेव्हा कळलं.

विलासची फुप्फुसं पुन्हा धड झाली नाहीत. त्याला नौदलातून काढलं — प्रकृतीच्या कारणाने, आणि कागदावर बेशिस्तीचा शेरा मारून. पीओ साहेबांची बढती थांबली आणि बदली झाली. काळी ट्रंक गाडीत चढवताना मी त्यांना लांबून पाहिलं, जवळ गेलो नाही. आणि मला संचलनाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलावून प्रसंगावधानाबद्दल शाबासकीचं पत्र दिलं. प्रसंगावधान! टाळ्या वाजल्या. माझ्या नोंदीत धुराची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूणही होती. ती परीक्षा कोणी दिली होती, हे दोघांनाच ठाऊक.

विलासलाही सगळं ठाऊक नव्हतं. त्याला मी वेगळीच हकीकत सांगितली. मी शेवटपर्यंत टाकीमागेच होतो. पीओ साहेबांनी मला न विचारता, मनानेच, ती टॅली उतरवली. मला कळलं ते थेट जेवणाच्या रांगेत. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “त्यांनी विचारायला पाहिजे होतं रे.” आजही तो त्या सज्जन माणसाला दोष देतो. मी ऐकतो, आणि मान डोलावतो.

तो मोहन्याला परत आला. शहाडला एका गाळ्यात पंख्याच्या आणि पाण्याच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं काम करतो — बसून करता येतं म्हणून. स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबतो आणि आपण लोकांकडे बघायला थांबलो आहोत असं दाखवतो. त्याची आई होती तोवर दर वैशाख पौर्णिमेला मला खिरीचं बोलावणं असायचं. पहिली वाटी मला. “माझ्या लेकाला तू परत आणलंस बाबा,” म्हणायची, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मी खीर खायचो. दोन वाट्या खायचो, नाही म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं.

हे सगळं मी असंच ठेवून मेलो असतो. पंधरा वर्षांची सेवा झाली, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. सुट्टीच्या दिवशी मी इमारतींतून आगीची प्रात्यक्षिकं देतो. मध्यंतरी दिवा स्टेशनजवळच्या एका नव्या इमारतीत गेलो होतो. आगीच्या नळाला पाणीच नव्हतं, पिण्यालाही टँकर येतो. तिथल्या बायकांना मी सांगत होतो, की खाली उतरल्यावर आधी माणसं मोजा. एकीने विचारलं, “आणि एक कमी निघाला तर ओ?” मी तिथेच पायरीवर बसलो. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

मग यंदा विलासची मुलगी, प्रज्ञा, नौदलात निवडली गेली. अग्निवीर म्हणून, आता मुलींनाही घेतात. विलास तिला घेऊन माझ्याकडे आला. पेढे ठेवले, खुर्चीत बसून बराच वेळ दम घेतला, आणि म्हणाला, “शिऱ्या, हिला आगीचं शिकव. तुझ्याएवढं कोणाला येतंय?”

नाही कसं म्हणायचं? चार रविवार ती आली. केस आखूड कापलेली, कुठलीही गोष्ट एकदाच विचारणारी मुलगी. ‘जय भीम, काका’ म्हणायची आणि वही उघडायची. मी तिला गाठी शिकवल्या, आगीचे प्रकार शिकवले, धुरात जमिनीलगत का सरकायचं ते शिकवलं. टॅलीचा धडा मी टाळत होतो. चौथ्या रविवारी विलासही बरोबर आला होता आणि त्यानेच आठवण केली — “अरे, बोर्डचं सांगितलंस का हिला? मेन ते.”

मग मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले आणि त्यांवर पेनाने नावं लिहिली. चिमटा पुठ्ठ्याला लावला म्हणजे माणूस आत. काढला म्हणजे आत कोणी नाही. तिला एका दमात समजलं. विलास कौतुकाने बघत होता.

“मी बिनाटॅलीचा गेलेलो ना,” तो तिला हसत म्हणाला, “म्हणून ही दशा. हातांवर शिडी चढून मागच्या दारापर्यंत आलेलो सरपटत. दार लागलेलं. ठोकलं मी. पंपाचा आवाज केवढा, कोणाला ऐकू येणार? हा होता म्हणून वाचलो.”

प्रज्ञा हसली नाही. ती चिमट्यांकडे बघत होती. तिने माझ्या नावाचा चिमटा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“काका, एक विचारू? ही तुमची टॅली. ही तुमच्या हातात. बोर्ड रिकामा. आणि बाबांची टॅली बोर्डवर नव्हतीच. मग बाबा आत आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी नाही, पीओ साहेबांनी नाही. माझ्याकडून शिकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तो वीस मिनिटांत सुचला. मी तोंड उघडलं — आणि माझ्याआधी विलास बोलला.

“अगं, दोस्त होता तो. वाटलं त्याला. असं वाटतं माणसाला.” आणि त्याने माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. त्याला वाटत होतं, तो आमचं दोघांचं जुनं गुपित सांभाळतो आहे. पुन्हा एकदा मला वाचवतो आहे.

“हो,” मी म्हणालो. “वाटलं.”

तिने वहीत काही लिहिलं नाही. वही मिटली, चिमटे एकावर एक रचून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या दाराची खिट्टी खरंच लागली आहे की नाही हे जसं पाहतात, तसं. परवा ती प्रशिक्षणाला गेली. निरोपाला मी पोहोचलो नाही. अंगात कणकण आहे, असं कळवलं. तिथे तिला खरा बोर्ड दिसेल, खरी टॅली तिच्या हातात येईल, आणि तो प्रश्न ती पुन्हा मनाशी मांडील — आणि सुट्टीत घरी येईल तेव्हा बापाला विचारील. त्याला ठाऊक असलेली खरी हकीकत तिच्या प्रश्नाशेजारी आली, की मी उरत नाही. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नाव वाचतो आणि मगच तो उचलतो.

पण या भीतीने मी हे लिहितो आहे असं म्हटलं, तर तेही पुरतं खरं होणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून या वहीतही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, ते आलंच आहे — विलास माझ्या जागी गेला होता, म्हणून मला ठाऊक होतं. तेवढंच असतं, तर ‘तो बाहेर पडला असेल’ ही माझी समजूत निदान समजूत म्हणून तरी टिकली असती.

वर मी लिहिलं, की डब्याची दारं लावली गेली. कोणी लावली, ते लिहिलं नाही. पुढचं दार पीओ साहेबांनी लावलं. मागचं, टॅली विसरल्याची शिक्षा म्हणून, मला लावायला सांगितलं.

दार जड होतं. त्याला तीन खिट्ट्या होत्या. त्या लोखंडी दांड्याने आवळायच्या. पहिली आवळली. दुसरी आवळली. पंप अजून सुरू होता, पण मी दाराला खांदा लावून उभा होतो, आणि पोलादातून जे येतं ते कानाने ऐकावं लागत नाही. खांद्याला कळतं. आतून कोणीतरी ठोकत होतं — तीनदा. मग थांबून, पुन्हा तीनदा. अडकलेल्या माणसाने असंच ठोकायचं असतं, आम्हाला तसं शिकवलं होतं.

मी तिसरी खिट्टी आवळली, दांडा जागेवर ठेवला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.